दोघांची होडी आणि एकीला न चालणारं इपॉक्सी : घरी शिडाची होडी बांधणाऱ्या जोडप्याचं प्रकरण

या प्रकरणातल्या दोघांची नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. होडीचं काम चालू असताना मी तीन टप्प्यांवर ती तपासायला आणि सल्ला द्यायला गेलो होतो. पुढे त्यांनी आपली कामाची वहीही मला वाचायला दिली. वहीत रोज कोणी किती तास काम केलं, किती अंश तापमान होतं, काय चुकलं, हे सगळं आहे. इथे लिहिलेलं बरंचसं त्या वहीतून आणि दोघांशी झालेल्या बोलण्यातून आलं आहे.

पार्श्वभूमी

दोघंही चाळिशीच्या आसपासची. ती इमारतींचे नकाशे काढते, तो शाळेत गणित शिकवतो. दोघांना शिडाची होडी चालवता येत होती, पण बांधण्याचा अनुभव कोणालाच नव्हता. घरामागे जुनी लांबट शेड होती. लग्नाच्या दहाव्या वर्षी त्यांनी ठरवलं, की होडी विकत घ्यायची नाही, बांधायची.

आराखडा एका व्यावसायिक डिझायनरकडून विकत घेतला. लांबी २० फूट, खाली शिशाचं वजन असलेली स्थिर कील (तळाखाली पाण्यात उतरलेला, होडीला उलटू न देणारा भाग), वर दोन माणसं झोपतील एवढी छोटी केबिन. पद्धत मरीन प्लायवूड (पाण्यात टिकणारा प्लाय) आणि इपॉक्सीची, म्हणजे राळ आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळले की कडक होणाऱ्या गोंदाची. प्लायचे तक्ते आराखड्याप्रमाणे कापायचे, कडांना भोकं पाडून तारेने एकमेकांना शिवायचे, मग आतल्या कोपऱ्यात घट्ट केलेलं इपॉक्सी भरून गोलाई द्यायची आणि त्यावर काचेच्या कापडाची पट्टी बसवायची. १९६३ साली ब्रिटनमध्ये आलेल्या ‘मिरर’ नावाच्या छोट्या होडीने ही शिवणीची पद्धत हौशी लोकांच्या घराघरांत पोचवली. सुतारकामात मुरलेला हात नसला तरी या पद्धतीने मजबूत होडी बनते, हे खरं आहे. पण यात सुतारकामाइतकंच रसायनाचं काम असतं, हे सुरुवात करताना फार थोड्यांच्या लक्षात येतं.

आधी आठ-दहा फुटांची साधी वल्ह्याची होडी बांधून हात बसवावा, असं मी पहिल्याच भेटीत सुचवलं होतं. त्यांनी ते ऐकलं, विचार केला आणि नाकारलं. सुट्टीचे दिवस मोजके आहेत, ते मोठ्या होडीवरच घालवू, असं त्यांचं म्हणणं होतं. अंदाज होता अडीच वर्षांचा.

कामाची वाटणी आपोआप झाली. त्याला करवत आणि रंधा आवडायचा, तिला नेमकेपणा. त्यामुळे इपॉक्सी मोजणं, मिसळणं, लावणं हे जवळजवळ पूर्णपणे तिच्याकडे गेलं. तिच्या हातच्या कोपऱ्यांच्या गोलाया मी पाहिल्या आहेत. बोट फिरवलं तर कुठे सुरुवात, कुठे शेवट ते कळत नव्हतं.

अडचण कशी उभी राहिली

वहीत पाचव्या महिन्यात एक छोटी नोंद आहे : ‘मनगटाला खाज. हातमोज्याच्या काठाशी. बहुतेक घामाने.’ त्यानंतर सात आठवडे अशा नोंदी अधूनमधून येत राहतात. कुठे मलम लावल्याची, कुठे नुसताच ‘खाज’ एवढा शब्द. तिने ते अंगावर काढलं. दुसऱ्या भेटीत मी तिच्या मनगटांवरचे लाल चट्टे पाहिले होते. मी होडीचे सांधे तपासायला गेलो होतो, सांधे तपासले आणि परत आलो. त्या चट्ट्यांबद्दल मी तेव्हा विचारायला हवं होतं.

मग तो चिकट पट्टा आला. होडीच्या आतून, डाव्या बाजूच्या तळाला सुमारे तीन चौरस मीटर भागावर लावलेला इपॉक्सीचा थर चार दिवस झाले तरी वाळेना. बोट ठेवलं की ठसा उमटायचा. कारण नंतर सापडलं. राळ आणि हार्डनर मोजायला ते डब्यांवर बसवलेले पंप वापरत होते. हार्डनरच्या पंपात हवा शिरत होती, त्यामुळे प्रत्येक दाबाला हार्डनर कमी पडत होतं.

इपॉक्सी हा रंग नाही, की आज नाही तर उद्या वाळेल. राळेचे आणि हार्डनरचे रेणू ठरलेल्या प्रमाणात एकमेकांशी जोडले जातात आणि त्यातून कडक पदार्थ तयार होतो. एक भाग कमी पडला की उरलेली राळ जोडीदाराविना तशीच राहते. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घालणारेही याच चुकीला दुसऱ्या बाजूने जाऊन मिळतात.

त्यांच्यासमोर तीन मार्ग होते. पहिला, शेड तापवून वाट पाहायची. नुसत्या थंडीने काम मंदावलं असेल तर हा मार्ग बरोबर असतो, कारण ढोबळमानाने तापमान १० अंशांनी वाढलं की इपॉक्सीच्या घट्ट होण्याचा वेग दुप्पट होतो. पण प्रमाणच चुकलं असेल तर कितीही ऊब दिली तरी उपयोग नाही. दुसरा, त्यावरच नीट मिसळलेला नवा थर द्यायचा. काही जण असं करतात. वरचा थर कडक होतो, खालचा मऊच राहतो, आणि त्या मऊ थरावर पुढचं सगळं बांधकाम उभं राहतं. तिसरा, सगळं खरवडून लाकडापर्यंत यायचं.

त्यांनी तिसरा मार्ग धरला आणि तो बरोबर होता. मात्र तो घाईघाईने आणि चुकीच्या रीतीने झाला. तळहाताएवढ्या जागेला दिव्याची ऊब देऊन आधी परीक्षा केली असती तर कारण एका रात्रीत कळलं असतं, आणि खरवडण्याची तयारीही शांतपणे झाली असती. प्रत्यक्षात तिने दोन दिवसांत मिळून १४ तास होडीच्या आत गुडघ्यांवर बसून चिकट राळ खरवडली आणि उरलेली थिनरच्या फडक्याने पुसली. पातळ हातमोजे थिनरने मऊ पडत होते, फाटत होते. फाटला की लगेच नवा घालण्याऐवजी ‘एवढं संपवून घेते’ असं म्हणत काम पुढे गेलं. शेवटी हातावरची राळसुद्धा थिनरनेच पुसली. थिनर राळेला पातळ करून कातडीच्या आत शिरायला मदतच करतं. हात साबणाने किंवा त्यासाठीच्या खास क्लीनरनेच धुवायचे असतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पापण्या इतक्या सुजल्या होत्या की डोळे जेमतेम उघडत होते. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पाणी भरलेले फोड आले होते.

त्वचेच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली. पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या ४८ तास ठेवतात, काढल्यावर एकदा आणि आणखी दोन-एक दिवसांनी पुन्हा पाहतात. राळ आणि हार्डनर, दोन्हींची ॲलर्जी निघाली. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते, आणि पुढच्या वेळी अगदी थोडासा संपर्कही पुरतो. शरीराने तो पदार्थ ओळखून ठेवलेला असतो.

समोर असलेले पर्याय

आठवडाभर शेड बंद होती. त्या दिवसांबद्दल वहीत काहीच नाही. ती मला म्हणाली, “मला माझ्याच घरातल्या शेडची भीती वाटायला लागली होती.” तो म्हणाला, “मला तिच्याकडे बघून काम सुरू करायचं धाडस होत नव्हतं, आणि न करायचंही.”

होडी विकून टाकणं हा एक पर्याय होता. पण अर्धवट घरगुती होडीला घेणारा मिळणं कठीण, कारण आतले सांधे कसे भरलेत हे विकत घेणाऱ्याला दिसत नाही.

दुसरा पर्याय तिला स्वतःला हवा होता. जाड, अनेक थरांचे हातमोजे, अंगभर सूट, वाफांसाठीचा मास्क घालून काम चालू ठेवायचं. डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. निरोगी माणसासाठी हे संरक्षण उत्तम आहे. ॲलर्जी जडलेल्यासाठी मात्र एक चूकही परवडणारी नसते, आणि वर्षभराच्या कामात एक चूक होतेच.

तिसरा पर्याय गोंद बदलण्याचा. हा मला विचारला गेला म्हणून थोडं सविस्तर लिहितो. रेसॉर्सिनॉल हा जुना, पाण्यात टिकणारा गोंद आहे, पण त्याला सांधा अगदी घट्ट बसलेला लागतो आणि क्लॅम्पचा भरपूर दाब लागतो. फसफसणारा पॉलियुरेथेन गोंद फट भरल्यासारखा दिसतो, पण त्या फेसात ताकद नसते. शिवणीच्या पद्धतीत तर कोपऱ्यातली गोलाई हाच सांधा असतो, आणि तिथे फट भरून ताकदही देणारा पदार्थ लागतो. अर्ध्यावर आलेल्या या होडीला इपॉक्सीशिवाय मार्ग नव्हता. सुरुवातीलाच विचार केला असता तर वेगळ्या पद्धतीची होडी निवडता आली असती.

चौथा पर्याय : इपॉक्सी सगळं त्याने करायचं, बाकी सगळं तिने. ऐकायला सोपा, पण त्या क्षणी दोघांनाही वाटत होतं की ‘बाकी’ असं काही उरतच नाही.

इथे तिच्या नेमकेपणाने दार उघडलं. तिने आराखडा पुढे घेऊन उरलेल्या कामांची यादी केली. ११२ ओळी झाल्या. प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न : यात ओलं इपॉक्सी लागतं का? ३९ ओळींना हो, ७३ ओळींना नाही. डोलकाठी, शिडं, दोरकाम, सुकाणूचं लाकूडकाम, कीलचा नमुना, खिडक्या, वीज, केबिनमधली बैठक. मी ती यादी पाहिली आहे. त्या दिवशी त्यांनी होडी सोडली नाही, त्याचं कारण मला त्या कागदात दिसतं.

काय केलं

शेडचे दोन भाग केले. मधे छतापासून जमिनीपर्यंत प्लास्टिकचा पडदा, सांधे पट्टीने बंद. इपॉक्सीच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा पंखा, म्हणजे हवा नेहमी तिच्या बाजूकडून त्याच्या बाजूला जाईल, उलटी नाही. तिच्या बाजूला स्वतंत्र दार.

नवं इपॉक्सी लावलं की निदान सात दिवस, शेडचं तापमान २० अंशांच्या वर ठेवून, तिने होडीत पाय ठेवायचा नाही. पूर्ण घट्ट झालेलं इपॉक्सी सहसा त्रास देत नाही. पण हाताला कडक लागणारा थर आतून अजून कच्चा असू शकतो, आणि तो घासला तर त्याची धूळ ॲलर्जी उठवते. म्हणून घासकामही त्याच्याकडे गेलं, तेही शक्यतो पाणी लावून.

पंप काढून टाकले, वजनकाटा आणला. इथे एक बारकावा आहे. डब्यावर आकारमानाचं प्रमाण दिलेलं असतं ते वजनाला जसंच्या तसं लावायचं नाही, कारण राळ आणि हार्डनर यांची घनता वेगळी असते. उत्पादकाने दिलेलं वजनाचं प्रमाण वेगळं पाहावं लागतं. त्याने ते मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलं आणि प्रत्येक मिश्रणातलं थोडंसं एका पुठ्ठ्यावर तारीख घालून ठेवायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी तो ठिपका नखाने दाबून पाहायचा.

कामाची पद्धतच बदलली. आता प्रत्येक भाग ती आधी कोरडा बसवायची. कापायची, रंध्याने जुळवायची, खुणा करायची, क्रमांक घालायची, मग सगळं सोडवून पडद्यापलीकडे द्यायची. तो फक्त चिकटवायचा. सांधे आधीपेक्षा चांगले बसू लागले, कारण वाळणाऱ्या गोंदाची घाई जुळवणीच्या वेळी नसायची.

त्यानेही एक गोष्ट उशिरा शिकली. उघड्या लाकडावर पहिला थर सकाळी तापमान चढत असताना दिला की लाकडातली हवा प्रसरण पावून थरात बुडबुडे काढते. दुपार उलटल्यावर, तापमान उतरत असताना दिला की लाकूड राळ आत ओढून घेतं. हे कळेपर्यंत एका बाजूचा डेक दोनदा घासावा लागला.

दोन धक्के

या नव्या पद्धतीच्या चौथ्या महिन्यात तिला पुन्हा पुरळ उठलं, उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि गालावर. पडदा ठीक होता, पंखा ठीक होता. दोन दिवस शोधल्यावर सापडली ती मोजपट्टी. दोघांत एकच पट्टी होती. पट्टीच्या बटणाच्या खाचेत त्याच्या हातमोज्यावरची ओली राळ बसली होती. तिने बटण दाबलं, मग गालावरची बट मागे सारली. त्या दिवसापासून प्रत्येक हत्याराच्या दोन प्रती झाल्या आणि त्याच्या हत्यारांना लाल पट्टी लागली. त्याचे कामाचे कपडे शेडमध्येच उतरवले जाऊ लागले आणि घरातल्या कपड्यांबरोबर धुणं बंद झालं.

दुसरा धक्का वेगळ्या प्रकारचा होता. केबिनमधून पुढे जायची वाट अरुंद होती. एका रविवारी, एकट्याने काम करत असताना, त्याने डोलकाठीखालच्या आडव्या भिंतीतलं दार दोन्ही बाजूंनी ७० मिलिमीटरने रुंद केलं. तिला संध्याकाळी दाखवलं. ती नकाशे काढणारी बाई. तिने विचारलं, “अरे, वरचा भार आता कुठून उतरणार?”

त्यांची डोलकाठी डेकवर उभी राहणारी आहे. शीड वाऱ्याने भरलं आणि दोर ताणले गेले की डोलकाठी खाली दाबली जाते, आणि तो दाब तीच भिंत कीलपर्यंत पोचवते. तिथे दार मोठं करणं म्हणजे घराचा खांब तासणं. डिझायनरला विचारलं. त्याने डेकखाली जास्त जाड, थर चिकटवून केलेली तुळई आणि दोन्ही बाजूंना उभे खांब सांगितले. थर तिने रंधून दिले, त्याने चिकटवले. दोन महिने गेले, होडी थोडी जड झाली.

हा निर्णय त्याने एकट्याने का घेतला, यावर दोघं बरेच दिवस बोलली. पडदा लागल्यापासून त्याच्या बाजूला कोणी नव्हतं. आधी प्रत्येक कापाआधी आपसूक होणारं ‘हे असं करू का?’ बंद झालं होतं. तिकडे तिला वाटत होतं की होडी आता त्याची झाली आहे, आपण नुसते तुकडे पुरवतो. दोघांनी भिंतीवर फळा लावला : आराखड्यात नसलेला कोणताही काप दोघांची सही झाल्याशिवाय नाही. रोज काम संपल्यावर दहा मिनिटं पडद्याच्या दोन बाजूंना उभं राहून दिवसाचं काम सांगायचं. मला ही दहा मिनिटं पंख्याइतकीच महत्त्वाची वाटतात.

कील आणि डोलकाठी

कीलचं शिसं घरी ओतायचं की ओतशाळेत द्यायचं, हा प्रश्न आधी असता तर त्यांनी घरी ओतलं असतं. ३४० किलो शिसं, म्हणजे जेमतेम ३० लिटर. शिसं ३२७ अंशांना वितळतं, साध्या भट्टीतही जमतं. पण साच्यात ओलावा राहिला तर वाफ होऊन वितळलेलं शिसं उडतं, आणि त्याचा धूर विषारी. त्यांनी लाकडी नमुना तिच्या हातून करून घेतला आणि ओतकाम जाणत्यांकडे दिलं. एका रसायनाकडून धडा घेतला होता, दुसऱ्याकडून घ्यायची गरज नव्हती.

डोलकाठी मात्र पूर्ण तिची. आठ लांब पट्ट्या, प्रत्येकीच्या एका कडेला इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची ९० अंशांची खाच, शेजारच्या पट्टीची कड त्या खाचेत बसते आणि आतून पोकळ, अष्टकोनी खांब तयार होतो. पट्ट्यांची लांबी पुरत नव्हती म्हणून १ ला १२ या उताराचे तिरके सांधे. त्याने एका संध्याकाळी ती चिकटवली, सात दिवसांनी ती पुन्हा तिच्याकडे आली. मग आठ बाजूंच्या सोळा, सोळाच्या बत्तीस. मी गेलो तेव्हा तिने शेडमधले दिवे बंद करून एकच दिवा जमिनीलगत ठेवला होता. आडव्या प्रकाशात डोलकाठीवर उरलेले उंचवटे बारीक सावल्यांसारखे दिसत होते. ती रंधा फिरवायची, सावली पुसली जायची, मग डोळे मिटून तळवा फिरवायची. शिडंही तिनेच शिवली, कापून मिळणाऱ्या पॉलिएस्टरच्या पट्ट्या जोडून.

रंगाच्या बाबतीत सावधगिरी ठेवली. दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट असतात, त्यांचीही ॲलर्जी जडू शकते. म्हणून एकाच डब्यातला साधा रंग आणि साधं वार्निश.

परिणाम

अडीच वर्षांच्या जागी पाच वर्षं चार महिने लागले. होडी पाण्यात उतरली तेव्हा मागच्या बाजूला ठरलेल्या रेषेपेक्षा सुमारे २० मिलिमीटर खाली बसली. बॅटरी पुढे नेऊन ते बरंचसं सावरलं. पहिल्या मोसमात एका बाजूच्या दोरपट्टीखालून (डोलकाठीचा दोर जिला बांधतात त्या धातूच्या पट्टीखालून) थेंब थेंब पाणी आत यायचं. पट्टीच्या बोल्टसाठी आधी भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरून त्यात पुन्हा छोटं भोक पाडायचं, हे त्या एकाच जागी राहून गेलं होतं. प्लायची उघडी कड पाणी पिते, आणि गोड्या पाण्याने ती आतून कुजते. ते लगेच दुरुस्त केलं.

तिला होडीवर काही त्रास होत नाही. दुरुस्तीचं इपॉक्सी लागलं की ती आठवडाभर होडीपासून लांब राहते.

पुन्हा करायचं झालं तर

दोघांना मी हा प्रश्न वेगवेगळा विचारला. तो म्हणाला, पहिल्या खाजेला काम थांबवलं असतं. हातमोजे जाड आणि लांब बाहीचे, फाटला की त्याच क्षणी बदल, आणि ते काम दोघांत वाटून, एकावर नाही. ती म्हणाली, चिकट पट्ट्याच्या दिवशी पुढचे दोन दिवस शेडमध्ये जायचं नाही, असं आधी ठरवायला हवं होतं. तो तळ कुठे पळून जाणार नव्हता.

माझं उत्तर छोट्या होडीचं आहे. वल्ह्याच्या होडीवर चूक झाली असती, पंप तिथेही फसला असता, पण खरवडायला तीन चौरस मीटर नसते. आणि आता बांधणाऱ्यांना भेटलो की मी सांध्यांच्या आधी मनगटं पाहतो.

किनाऱ्यावर ये-जा करायला त्यांना आता ती छोटी होडी हवी आहे. पद्धत तिने निवडली : अख्ख्या लाकडाच्या फळ्या एकीच्या काठावर दुसरी चढवून तांब्याच्या खिळ्यांनी जोडायच्या, इपॉक्सीचा थेंब नाही. प्रत्येक खिळा आतून तांब्याच्या छोट्या वाटीवर ठोकून फुलवावा लागतो, आणि त्या वेळी बाहेरून कोणीतरी खिळ्याच्या डोक्याला जड लोखंड टेकवून धरावं लागतं. हातोडी ती घेणार आहे, लोखंड तो धरणार आहे. शेडमधला पडदा त्यांनी मागच्या महिन्यात काढला.